वगळण्याचा अधिकार



संगणकाच्या स्क्रिप्टमधले टॅग हा विषय तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त मास्तरानं का घ्यावा, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. आम्ही काही संगणकाचे जाणकार नव्हे. पण आमचा एक जुना विद्यार्थी, इथलाच, परभणी जिल्ह्यातला, एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळत असे. त्याच्या हातून जे घडलं ते आम्ही ऐकलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न फार जुना आहे. इतका जुना की त्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या पाथरीला घडलेलं आहे. म्हणून हा विषय.

आधी हकिकत सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरले जात होते. मुदत संपायला दोन दिवस होते आणि अर्जाच्या प्रणालीत एक सुधारणा तातडीनं बसवायची होती. हे काम हातानं करत नाहीत. त्याची स्क्रिप्ट लिहिलेली असते, म्हणजे पायऱ्यांची यादी : आधी सगळ्या अर्जांची प्रत दुसरीकडे काढून ठेव, मग सेवा थांबव, नवी आवृत्ती बसव, माहितीच्या तक्त्यांची रचना बदल, सेवा पुन्हा चालू कर. शिवाय इतर वीस-पंचवीस पायऱ्या. सगळी यादी चालवायला पाऊण तास लागायचा. रात्रीचे अकरा वाजलेले. आमच्या विद्यार्थ्यानं यादीतल्या फक्त 'अपग्रेड' अशी खूण केलेल्या पायऱ्या चालवल्या. पाच मिनिटांत काम झालं. पडद्यावर सगळं हिरवं. पोरगा झोपायला गेला.

सकाळी कळलं की तक्त्यांची रचना बदलताना अर्जांतला विषयांचा रकाना कोरा झाला होता. ठीक आहे, प्रत काढलेली असेल, ती परत आणू. पण प्रत नव्हती. प्रत काढायची पायरी दुसऱ्या कुणीतरी मागाहून यादीत घातली होती आणि तिच्यावर 'अपग्रेड' ही खूण करायची राहून गेली होती. पूर्ण यादी चालवली की ती पायरी चालायची. खुणेनं चालवली की चालायची नाही. शेवटची प्रत तीन दिवसांपूर्वीची निघाली. गंगाखेड, जिंतूर, पालम इकडची मुलं छापील अर्ज घेऊन एस.टी.नं पुन्हा आली. कुणाचे वडील त्या दिवसाची मजुरी बुडवून आले. ते तीन दिवसांचे अर्ज माणसांनी हातानं पुन्हा भरले.

त्या पोरानं आम्हाला जे विचारलं ते आमच्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, "सर, मी चूक केली म्हणजे नेमकं काय केलं? जे चालवलं ते सगळं बरोबर चाललं. जे चाललंच नाही, त्याची चूक मी कशी पकडणार होतो?"

आता टॅग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अशी कामं करायला अ‍ॅन्सिबल नावाचं एक प्रसिद्ध साधन आहे. मायकेल डीहान यांनी ते २०१२ साली आणलं, २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीनं ते विकत घेतलं. त्यात कामांची जी यादी लिहितात तिला प्लेबुक म्हणतात. यादीतल्या प्रत्येक कामाला एक किंवा अनेक टॅग लावता येतात. चालवताना टॅगचं नाव दिलं की फक्त ती खूण असलेली कामं होतात. उलटही करता येतं : अमुक टॅगची कामं सोडून बाकी सगळी कर. दोन टॅग खास आहेत. 'ऑलवेज' लावलेलं काम कोणताही टॅग मागितला तरी होतं, आपण मुद्दाम वगळलं तरच राहतं. 'नेव्हर' लावलेलं काम एरवी कधीच होत नाही, नाव घेऊन मागितलं तरच होतं. आणि ज्याला कोणताच टॅग नाही ते काम? पूर्ण यादी चालवली तर होतं, टॅगनं चालवली तर मुकाट्यानं राहून जातं. आमच्या विद्यार्थ्याचा घात इथे झाला.

'मुकाट्यानं' हा शब्द महत्त्वाचा आहे. फसलेली पायरी लाल अक्षरांत ओरडते. वगळलेली पायरी तक्रार करत नाही. आमच्या शास्त्रात याला अभाव म्हणतात, आणि अभाव कळतो कसा यावर शतकानुशतकं वाद झालेला आहे. न्यायवैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला. भाट्ट मीमांसक म्हणाले, अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाणच मानलं पाहिजे. त्या वादात आज शिरायचं नाही. त्यातला एकच मुद्दा हाती धरू : 'जमिनीवर घडा नाही' हे कळायला घडा म्हणजे काय ते आधी माहीत असावं लागतं. नैयायिक त्याला प्रतियोगीचं ज्ञान म्हणतात. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही त्याला रिकामी जमीन दिसेल, घड्याचा अभाव दिसणार नाही. तसंच, प्रत काढण्याची पायरी तिथं असायला हवी हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती राहिली हे कळेल. यंत्राला ते माहीत नसतं.

तेव्हा आजचा प्रश्न असा : एखादी लांबलचक कृती आहे. दरवेळी ती सगळी करायची नाही. मग काय करायचं आणि काय सोडायचं हे कुणी, कधी, कसं ठरवायचं? आणि जे सोडलं त्याची आठवण कुणी ठेवायची?

याचं पहिलं मोठं उत्तर पाणिनीनं दिलं, ख्रिस्तपूर्व काळात. आता लगेच कुणी म्हणू नका की पाणिनीकडे संगणक होता. पुष्पक विमानात बसायची आम्हाला हौस नाही. पण नियम थोडे, शब्द अगणित, आणि कोणता नियम कुठे चालवायचा ही अडचण पाणिनीपुढे होती, आणि त्यानं ती खुणांनी सोडवली.

उदाहरण तुमच्या रोजच्या बोलण्यातलं घेऊ. कृ या धातूपासून 'कर्ता' होतो आणि 'कृत' होतं. नी पासून 'नेता' आणि 'नीत'. श्रु पासून 'श्रोता' आणि 'श्रुत'. एका शब्दात धातूचा स्वर बदलतो, ऋ चा अर् होतो, ई चा ए, उ चा ओ. याला गुण म्हणतात. दुसऱ्या शब्दात तो बदलत नाही. का? दुसऱ्या शब्दातला प्रत्यय आपल्याला 'त' असा ऐकू येतो, पण पाणिनीनं तो 'क्त' असा लिहिला. त्यातला क् उच्चारण्यासाठी नाहीच. ती खूण आहे. तिचा अर्थ एवढाच : हा प्रत्यय लागताना गुणाचा नियम चालवू नका. तिचं काम झालं की ती गळून पडते, आणि शब्दात 'त' तेवढा उरतो. अशा खुणेला व्याकरणात 'इत्' किंवा 'अनुबंध' म्हणतात. काही अनुबंध एखादी क्रिया चालू करतात, काही थांबवतात. नियमांची यादी तीच राहते, ती प्रत्येक शब्दासाठी नव्यानं लिहावी लागत नाही.

पाणिनीची दुसरी युक्ती म्हणजे अधिकार. शब्द लक्षात ठेवा, तो आज पुन्हापुन्हा येणार आहे. एखादं सूत्र मथळ्यासारखं ठेवायचं, आणि त्याचा अंमल खालच्या सगळ्या सूत्रांवर आपोआप चालायचा. दरवेळी तेच शब्द परत लिहायचे नाहीत. प्लेबुकमध्येही असंच आहे. कामांच्या एका गटावर टॅग लावला की गटातल्या प्रत्येक कामाला तो वारशानं मिळतो. सोय मोठी, आणि घोटाळाही मोठा : हा अंमल नेमका कुठपर्यंत? अधिकार कुठे संपतो हे ठरवताना व्याकरणाच्या टीकाकारांनी किती शाई खर्च केली याला मोजदाद नाही. संगणकवाल्यांचीही तीच गत. दुसऱ्या फाइलीतली कामं प्लेबुकमध्ये आणायच्या दोन रीती आहेत. 'इम्पोर्ट'नं आणली तर वरचा टॅग आतल्या प्रत्येक कामाला लागतो. 'इन्क्लूड'नं आणली तर तो फक्त आणण्याच्या क्रियेला लागतो, आतल्या कामांना नाही. दिसायला दोन्ही सारखी, वागायला निराळी.

खुणांचा अर्थ कसा लावायचा याचे नियम, म्हणजे नियमांविषयीचे नियम, यांना परिभाषा म्हणतात. त्यांवरचा 'परिभाषेन्दुशेखर' हा प्रमाणग्रंथ अठराव्या शतकात काशीतल्या नागेशभट्टांनी लिहिला. हे मूळचे महाराष्ट्रीय, आडनाव काळे. पुढे एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्याचं संपादन आणि भाषांतर केलं. सांगायचा मुद्दा असा की खूण करून भागत नाही. खुणांचं शास्त्र लिहावं लागतं, आणि ते शिकवावं लागतं.

व्याकरणात खुणा कुठे चालतात ते पाहिलं. काय सोडलं तर चालतं, हा प्रश्न मीमांसकांनी घेतला. त्यांनी कर्मांचे तीन वर्ग केले. नित्य, म्हणजे करायचंच, जसं अग्निहोत्र. नैमित्तिक, म्हणजे निमित्त घडलं तर करायचं, जसं मुलगा झाल्यावरची जातेष्टी. काम्य, म्हणजे एखादं फळ हवं असेल तर करायचं, जसं पावसासाठीची कारीरी इष्टी. मराठवाड्यातल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगायला नको.

प्लेबुकमध्ये हे तिन्ही जसेच्या तसे सापडतात. 'ऑलवेज' म्हणजे नित्य. 'अमुक स्थिती असेल तरच कर' अशी अट कामाला घालता येते, ते नैमित्तिक. ती अट यंत्र स्वतः तपासतं. आणि टॅग म्हणजे काम्य : ते काम करायचं की नाही हे मागणाऱ्याच्या इच्छेवर. अट आणि टॅग यांतला हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अटीमागे परिस्थिती असते, टॅगमागे माणूस असतो.

मीमांसकांचा पुढचा निर्णय तर फारच मार्मिक आहे. नित्य कर्मात एखादं अंग जमलं नाही तरी कर्म झालं असं मानतात. शक्य तेवढी अंगं करावीत. काम्य कर्मात मात्र ही सवलत नाही. फळ हवं असेल तर सगळी अंगं करावी लागतात. म्हणजे जे तुम्ही खास इच्छेनं, निवडून करता, त्यात काटछाट करायची मुभा सगळ्यात कमी. आमच्या विद्यार्थ्यानं नेमकं उलट केलं होतं. काम निवडलं काम्य, आणि अंगं सोडली नित्यासारखी.

आता पाथरीला येऊ. आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथं आहे.

पाथरीचं संस्कृत ग्रंथांतलं नाव पार्थपूर. तिथं राहणाऱ्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिर्विदानं शके १४२५, म्हणजे १५०३ साली 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. काळ धामधुमीचा. बहमनी राज्य फुटलं होतं आणि पुढच्या काही वर्षांत याच पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही यांच्यात लढाया झाल्या. अशा गावात बसून हा माणूस आकाशाचं संपूर्ण गणित लिहीत होता. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'नंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिला गेलेला हा मोठा सिद्धान्तग्रंथ.

सिद्धान्त आणि करण हे ज्योतिषगणिताच्या ग्रंथांचे दोन प्रकार आहेत. सिद्धान्तात सगळं असतं : कल्पारंभापासूनची कालगणना, ग्रहांच्या गती, विश्वाची रचना, आणि हे गणित असंच का, याची चर्चा. करण म्हणजे पंचांग करणाऱ्याची हातपोथी. जवळचा एखादा दिवस आरंभ धरायचा, आवश्यक तेवढं गणित द्यायचं, कारणं द्यायची नाहीत. फरक किती तो एका आकड्यानं समजेल. कल्पारंभापासून आजवरचे दिवस मोजायचे तर संख्या बारा अंकी होते. ती घेऊन गुणाकार-भागाकार करायचे, तेही पाटीवर.

या दोन्ही प्रकारांत प्रकरणांना काय म्हणतात? अधिकार! मध्यमाधिकार, स्पष्टाधिकार, त्रिप्रश्नाधिकार, चंद्रग्रहणाधिकार, सूर्यग्रहणाधिकार. पंचांगकर्ता रोज सगळे अधिकार चालवत नाही. तिथी काढायची तर सूर्य-चंद्रांचं मध्यम स्थान काढा, मग स्पष्ट स्थान काढा, झालं. ग्रहणाचा अधिकार पौर्णिमेला किंवा अमावास्येलाच काढायचा, तोही सूर्य राहू-केतूच्या पुरेसा जवळ असेल तर. म्हणजे प्रकरणाचं नाव ही खूण, आणि राहूपासूनचं अंतर ही अट. पण एक बंधन होतं. चंद्रग्रहणाचा अधिकार एकटा चालत नाही. त्याला आधी स्पष्ट चंद्र लागतो, आणि स्पष्ट चंद्राला मध्यम चंद्र. कालचा चंद्र घेऊन आजचं ग्रहण काढलं तर गणित पूर्ण होतं, उत्तर येतं, आणि ते चुकीचं असतं.

ज्ञानराजाच्या घरी हे पूर्णतेचं वेड वंशपरंपरेनं चाललेलं दिसतं. त्याचा मुलगा चिंतामणी यानं वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा मुलगा सूर्यदास यानं १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' आणि १५४१ मध्ये लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' या टीका लिहिल्या. याच सूर्यदासाचं 'रामकृष्णविलोमकाव्य' प्रसिद्ध आहे. सुलट वाचलं की रामाची कथा, उलट वाचलं की कृष्णाची. अक्षरं तीच, वाचणाऱ्यानं दिशा निवडायची. एका संहितेतून हवं ते वाचून काढणं या माणसाच्या हाडात मुरलेलं होतं, असं आम्हाला गमतीनं वाटतं.

त्याच सुमारास कोकणात, नांदगावला, गणेश दैवज्ञानं बरोबर उलटी वाट धरली. १५२० साली त्यानं 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. त्यानं काय सोडलं पाहा. ज्या भुजज्यांच्या कोष्टकांवाचून हे गणित होत नसे, त्या ज्या सोडल्या, आणि त्यांच्या जागी सोप्या रीती दिल्या. बारा अंकी दिवससंख्या सोडली. सुमारे ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र घेतलं, म्हणजे हाताळायचा आकडा चार अंकांच्या पुढे जातच नाही. काम इतकं सोपं झालं की पुढची साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं ग्रहलाघवावर चालली. सिद्धान्तसुंदर पोथीत राहिलं, ग्रहलाघव घरोघरच्या जोश्याच्या हाती गेलं.

यात गणेश दैवज्ञाला दोष देणार नाही. तो प्रतिभावंतच होता. ज्या सोडूनही उत्तर जवळपास तेच येईल अशा रीती शोधायला संपूर्ण सिद्धान्त कोळून प्यावा लागतो. त्यानं जे वगळलं ते जाणून वगळलं. अडचण पुढच्या पिढ्यांची. त्यांच्या हाती फक्त छाटलेली पोथी होती. काय सोडलंय हे पोथीत लिहिलेलं नव्हतं.

आणि इथे गोदावरीच्या उत्तर तीरावरचं गोलग्राम येतं. तिथल्या दिवाकर दैवज्ञानं गणेशाजवळ अध्ययन केलं. त्याचा मुलगा मल्लारी यानं ग्रहलाघवावर टीका लिहिली, आणि तिच्यात उपपत्ती दिली. उपपत्ती म्हणजे कारण. गुरूनं हा आकडा का घेतला, ही पायरी का गाळली, गाळूनही उत्तर का बिघडत नाही, हे एकेक करून मांडलं. पुढे या घराण्यातली माणसं काशीला गेली, आणि त्यांच्यातल्याच कमलाकरानं १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' हा मोठा सिद्धान्तग्रंथ लिहिला.

गोदाकाठच्या या पंडितांचं मोठेपण आम्हाला यात वाटतं. पाथरीकरांनी संपूर्ण यादी राखली. नांदगावकरानं वगळण्याची कला दाखवली. गोलग्रामकरांनी, जे वगळलं त्याचा हिशेब लिहून ठेवला. तिन्ही कामं लागतात.

तिसरं काम थांबलं की काय होतं तेही इतिहासात नोंदलेलं आहे. शतकामागून शतक गेलं, ग्रहलाघवाचं गणित आकाशापासून हळूहळू सरकत गेलं. पंचांगातली ग्रहणाची वेळ आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण जुळेना. रीत मोडली नव्हती, जोशी चुकत नव्हता, उत्तर येत होतं. सगळं हिरवं! मूळ स्थिरांक पुन्हा तपासायची पायरी कुणाच्या यादीत उरलीच नव्हती. शेवटी केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानं १८६५ मध्ये नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू केलं, आणि पंचांगशोधनाचा वाद पेटला. टिळकही त्यात पडले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. तो या सगळ्या परंपरेचा मराठीतला हिशेब आहे. पाथरी आणि गोलग्रामची ही घराणी ज्याला वाचायची आहेत त्यानं तिथून सुरुवात करावी.

आता यंत्रांकडे. इथे भराभर जाऊ, कारण कथा तीच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये आपल्या देशात घडवलेला टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्या जमान्यात जगभर संगणकाला काम सांगण्याचं नेहमीचं साधन म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं किंवा कागदी पट्टी. कार्डांच्या गठ्ठ्यातला एखादा भाग वगळायचा तर ती कार्डं उचलून बाजूला ठेवायची, आणि नंतर आठवणीनं जागच्या जागी घालायची. ती टेबलावरच राहिली तर यंत्राला पत्ता नाही. पुढे आज्ञा पडद्यावर लिहू लागले तेव्हा नको असलेल्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह टाकून ती मुकी करायची पद्धत आली. ते चिन्ह काढायचं राहून गेल्याच्या कथा प्रत्येक संगणकवाल्याकडे असतात.

१९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन केलं. त्यात कामांना नावं असतात, आणि प्रत्येक नावापुढे ते कशावर अवलंबून आहे हे लिहिलेलं असतं. तुम्ही शेवटचं नाव मागा, त्याआधी लागणाऱ्या पायऱ्या ते स्वतःच शोधून करतं. म्हणजे चंद्रग्रहण मागितलं की मध्यम आणि स्पष्ट चंद्र आपोआप काढले जातात. टॅग असं करत नाही. टॅग ज्याच्यावर खूण आहे तेवढंच उचलतो. कशावर काय अवलंबून आहे हे त्याला ठाऊक नसतं, ते खूण करणाऱ्यानं आधीच जाणलेलं असावं लागतं. पुष्कळ तरुण मंडळी टॅगला 'मेक'सारखं समजतात आणि फसतात.

मग टॅग वाईटच का? मुळीच नाही. टॅग नसता तर लोकांनी काय केलं असतं? पूर्ण यादीतून हव्या त्या पायऱ्या उतरवून छोटी यादी वेगळी केली असती. म्हणजे करणग्रंथ! मग मूळ यादी सुधारली तरी छोटी तशीच राहिली असती, आणि वर्षभरात दोघींचं नातं तुटलं असतं. टॅगमुळे सिद्धान्त एकसंध राहतो आणि वेळेपुरतं करण त्यातूनच निघतं. वगळलेली पायरी त्याच पानावर, डोळ्यांसमोर असते. पाथरी आणि नांदगाव यांच्यातला तंटा मिटवायची ही सोय आहे. अट एकच : ते पान कुणीतरी वाचलं पाहिजे.

आपल्या शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. इथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. पाऊस लांबला की तिथले शास्त्रज्ञ आपत्कालीन पीक नियोजन सांगतात. पेरणीलायक पाऊस कोणत्या पंधरवड्यात आला त्याप्रमाणे पिकांची यादी बदलते. फार उशीर झाला तर मूग-उडीद वगळा, बाजरी, तूर, सूर्यफूल यांचा विचार करा. इथे पंधरवडा ही अट, आणि कोरडवाहू की बागायती ही खूण. पण बीजप्रक्रिया? ती कोणत्याही पंधरवड्यात, कोणत्याही पिकाला सांगितलेलीच असते. ती नित्य आहे. घाईत नेमकी तीच राहते, आणि राहिली म्हणून त्या दिवशी काही बिघडलेलं दिसत नाही. उगवण झाल्यावर दिसतं.

आता समारोप करतो.

'अधिकार' हा शब्द आज तीन अर्थांनी आला. व्याकरणात अंमल चालवणारा मथळा, ज्योतिषात प्रकरण, आणि चौथा अर्थ आपण रोज वापरतो तो, हक्क. चौथा म्हणालो, कारण मधला तिसरा सांगायचा राहिला. बघा, आमच्याकडूनही पायरी वगळली गेली! मीमांसेत अधिकार म्हणजे एखादं कर्म करण्याची पात्रता. कोण करू शकतो? ज्याला फळाची इच्छा आहे, ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे, आणि ज्याला ते कर्म माहीत आहे तो. नुसती इच्छा पुरत नाही. टॅग देऊन यादी चालवणाऱ्याला हीच कसोटी लावा. काय होणार हे जितकं माहीत हवं, तितकंच काय होणार नाही हेही माहीत हवं. अ‍ॅन्सिबलमध्ये त्याची सोय आहे. काही न करता, अमुक टॅगनं कोणकोणती कामं होतील एवढंच छापून दाखव, असं सांगता येतं. ती यादी पूर्ण यादीशेजारी ठेवून वाचायला दोन मिनिटं लागतात. नैयायिकांच्या भाषेत, आधी घडा बघा, मग जमीन बघा.

त्या पोराच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिलं ते सांगून थांबतो. आम्ही म्हणालो, "बाबा रे, तू वगळलंस ही चूक नाही. गणेश दैवज्ञानंही वगळलं. तू काय वगळतो आहेस ते वाचलं नाहीस, एवढीच तुझी चूक. आणि ज्यानं ती पायरी खूण न करता घातली आणि का घातली ते लिहिलं नाही, त्याचीही तितकीच आहे." त्यावर त्यानं जे केलं ते आम्हाला आवडलं. प्रत काढायच्या पायरीला त्यानं 'ऑलवेज' लावलं. आणि प्रत्येक टॅगसमोर एक-एक ओळ लिहिली : हा टॅग वापरला तर अमुक पायऱ्या होणार नाहीत, आणि न होऊन चालतं ते या कारणानं. तीन टॅगांसमोर त्याला कारण लिहिता आलं नाही. ते त्यानं काढून टाकले.

त्याला ठाऊक नसेल, पण तो मल्लारीचं काम करत होता.

आता प्रश्न घेऊ.